सज्जनगडाच्या कड्यावरची शिंदळ माकुडी

पावसाळा सरताना सज्जनगडाच्या कातळावर बोटभर जाडीच्या मांसल फांद्यांना लालसर चांदणीसारखी फुलं येतात. ही शिंदळ माकुडी, सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवरच टिकलेली. ‘आययूसीएन’ या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने जगभरातून निवडलेल्या 12 अतिसंकटग्रस्त वनस्पतींत तिचाही समावेश होता. आपल्यापैकी कितीजणांनी ती पाहिली असेल?

वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकात तिला ‘फ्रेरिया’ ही स्वतंत्र प्रजाती मानलं, कारण माकडशिंग या तिच्या नातलग वनस्पतींच्या पर्णहीन गोतावळ्यात हिला चक्क ठसठशीत पानं! पुढे डीएनएची तुलना झाली आणि ती त्याच गोतावळ्यात, ‘बुसेरोशिया’ प्रजातीत बसली.

नावापेक्षा महत्त्वाचा प्रश्न जतनाचा. फांदी खोचली की ही वनस्पती सहज रुजते. पण एकाच झुडपाच्या शंभर फांद्या लावल्या तर कुंड्या शंभर, जनुकसंच मात्र एकच. एखादा रोग आला तर सगळ्या एकदमच बळी पडू शकतात. ऑस्ट्रेलियात 1994 साली सापडलेल्या वोलेमी पाइनच्या झाडांत जनुकीय फरक जवळजवळ नाहीच, म्हणून तिथे रोगाची धास्ती मोठी.

पानाच्या छोट्या तुकड्यातून डीएनए काढून शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड इथल्या झुडपांत किती वेगळेपण आहे हे तपासता येतं. त्यावरून कुठल्या कड्याची रोपं वाढवायची, बी कुठून घ्यायचं हे ठरतं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात तिच्याच कुळातल्या कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती जपल्या आहेत. अशा संग्रहातही प्रत्येक रोप कुठल्या डोंगरावरचं, ही नोंद रोपाइतकीच मोलाची.