आज्ञावलीची शिस्त : घेतलेले परत करावे, चूक झाकू नये

अभिलेख कक्षातून एखादी संचिका न्यावयाची झाल्यास नोंदवहीत तिची नोंद होते, नेणाऱ्याची स्वाक्षरी घेतली जाते आणि काम आटोपल्यावर संचिका पुन्हा जागेवर ठेवली जाते. नित्याचे काम सुरळीत चालू असेल तोवर या पद्धतीत काही अडचण येत नाही. परंतु संचिका नेणारा कर्मचारी त्याच दिवशी आजारी पडला किंवा त्याची अचानक बदली झाली, तर संचिका त्याच्या टेबलाच्या खणात पडून राहते. पुढच्या अर्जदारास ‘संचिका बाहेर आहे’ एवढेच उत्तर मिळते. एका संचिकेपुरते हे घडले तर गैरसोय होते. दररोज एक संचिका अशी अडकून राहिली, तर कालांतराने कक्षाचे कामच थांबते.

संगणकाच्या आज्ञावलीतही नेमके असेच घडते. सातबारा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टीची पावती, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती अशी कितीतरी कामे आज संगणकावर होतात. ‘यंत्रणा बंद आहे’ हे शब्द ऐकून नागरिकास परत जावे लागते, तेव्हा त्यामागे अनेक कारणे असू शकतात. त्यांपैकी एक कारण वरवर क्षुल्लक, पण परिणामी मोठे आहे. ते म्हणजे, आज्ञावलीने कामासाठी घेतलेले साधन काम बिघडल्यावर परत केलेले नसते. हे कसे घडते आणि ते टाळण्याचे उपाय कोणते, हे संगणकतज्ज्ञ नसलेल्या, पण संगणकावर विसंबून असलेल्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

साधने मोजकीच असतात

आज्ञावलीला काम करण्यासाठी चार प्रकारची साधने प्रामुख्याने लागतात : संगणकाच्या स्मृतीतील जागा, उघडलेल्या फायली, डेटाबेसशी म्हणजे माहितीच्या मध्यवर्ती साठ्याशी असलेली जोडणी, आणि एखाद्या नोंदीवर घातलेले तात्पुरते कुलूप. एकाच नोंदीत दोघांनी एकाच वेळी फेरफार करू नये, म्हणून हे कुलूप घालावे लागते. ही सर्व साधने मर्यादित असतात. उदाहरणार्थ, लिनक्स या कार्यप्रणालीत एका आज्ञावलीस एका वेळी साधारणतः १,०२४ फायली उघडता येतात. ही मर्यादा वाढविता येते, परंतु ती नाहीशी करता येत नाही.

साधन परत न केल्याचे परिणामही वेगवेगळे असतात. फाइल बंद केली नाही तर तीत लिहिलेला शेवटचा मजकूर स्मृतीतच राहून जाण्याचा संभव असतो, कारण संगणक प्रत्येक अक्षर तत्काळ चकतीवर लिहीत नाही. थोडे साचवून मग लिहितो. कुलूप काढले नाही तर त्या नोंदीसाठी आलेला पुढचा कर्मचारी ताटकळत राहतो. जोडण्या परत केल्या नाहीत तर नव्या कामासाठी एकही जोडणी उरत नाही. स्मृतीची जागा सोडली नाही तर संगणक हळूहळू मंदावतो आणि अखेरीस थांबतो.

लंडनचा अनुभव

या शेवटच्या प्रकाराचे एक ठळक उदाहरण लंडन शहराच्या रुग्णवाहिका सेवेत घडले. दूरध्वनीवरून आलेली मागणी नोंदवून जवळची रुग्णवाहिका पाठविण्याचे काम तेथे २६ ऑक्टोबर १९९२ पासून नव्या संगणक-यंत्रणेकडे सोपविण्यात आले. पहिल्या दोन दिवसांतच वेगळ्या कारणांनी ती कोलमडली आणि काही कामे पुन्हा हाताने करावी लागली. त्यानंतर ४ नोव्हेंबर १९९२ रोजी मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास उरलेली यंत्रणाही ठप्प झाली. राखीव संगणकानेही तिची जागा घेतली नाही. कर्मचाऱ्यांना कागद, पेन्सिल व दूरध्वनी यांचाच आधार घ्यावा लागला.

चौकशी समितीचा अहवाल फेब्रुवारी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ४ नोव्हेंबरच्या घटनेचे त्यात दिलेले कारण विचार करावयास लावणारे आहे. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी दुरुस्तीचे काम करताना एका आज्ञावलीकाराकडून एक तुकडा आज्ञावलीत तसाच राहून गेला होता. रुग्णवाहिका पाठविण्याची प्रत्येक नोंद होताना तो तुकडा स्मृतीची थोडीशी जागा घेई, पण परत करीत नसे. एका वेळची ही गळती नगण्य होती. तीन आठवड्यांत मात्र सारी जागा संपली. माठाला गेलेला बारीक तडा तासाभरात कळत नाही. माठ रिकामा झाल्यावरच तो लक्षात येतो. शिवाय राखीव संगणकाची व्यवस्था या परिस्थितीत पुरेशी तपासून पाहिलेली नव्हती, हेही चौकशीत दिसून आले.

अपवाद म्हणजे काय

लंडनच्या आज्ञावलीत साधन परत करण्याची सूचनाच नव्हती. पुष्कळदा मात्र सूचना असते, पण ती अंमलात येत नाही. याचे कारण समजण्यासाठी ‘अपवाद’ ही संकल्पना पाहावी लागेल.

ग्रामपंचायतीच्या करवसुलीची एक साधी आज्ञावली घेऊ. तिच्यात पाच पायऱ्या आहेत : खातेदाराची नोंद उघडून तिला कुलूप घालणे; भरलेली रक्कम जमा करणे; पावती छापणे; कुलूप काढणे; नोंद बंद करणे. नेहमी या पायऱ्या क्रमाने पार पडतात. परंतु तिसऱ्या पायरीवर छपाईयंत्रातील कागद संपला तर आधुनिक संगणक-भाषांमध्ये तेथे एक ‘अपवाद’ उत्पन्न होतो, म्हणजे नेहमीचा क्रम सोडून आज्ञावली थेट बाहेर पडते. चौथी व पाचवी पायरी लिहिलेली असूनही तिच्यापर्यंत काम पोहोचतच नाही. कुलूप तसेच राहते. त्या खातेदाराचे नाव पुढे कोणी शोधले तर पडदा नुसता गोठून राहतो, आणि दोष मात्र यंत्राला किंवा कर्मचाऱ्याला दिला जातो.

यावर भाषांमध्ये एक रचना दिलेली असते. तिचे तीन भाग असतात. पहिल्या भागात मूळ काम लिहावयाचे, दुसऱ्या भागात अपवाद उद्भवल्यास काय करावे ते सांगावयाचे, आणि तिसऱ्या भागात काम यशस्वी होवो अथवा बिघडो, अखेरीस जे केलेच पाहिजे ते लिहावयाचे. कुलूप काढणे व नोंद बंद करणे या पायऱ्या या तिसऱ्या, म्हणजे ‘अखेरीस’च्या भागात ठेवल्या, की कागद संपला तरी त्या पार पडतात.

बंद करतानाच अडथळा आला तर

एवढ्याने प्रश्न पूर्णपणे सुटतो असे मात्र नाही. मायकेल नायगार्ड या अमेरिकी अभियंत्याने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात एका विमान कंपनीची हकीकत नाव न सांगता दिली आहे. रात्री डेटाबेसचे काम एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याचा नेहमीचा सोपस्कार पार पडला. सर्व काही ठीक दिसत होते. पहाटे अडीचच्या सुमारास विमानतळांवरील प्रवाशांची नोंदणी करणारी यंत्रे एकाएकी बंद पडली, आणि त्यामागोमाग दूरध्वनीवरून आपोआप माहिती देणारी सेवाही थांबली.

शोध घेता असे आढळले, की आज्ञावलीकाराने ‘अखेरीस’चा भाग लिहिला होता. त्यात दोन ओळी होत्या : आधी डेटाबेसला पाठविलेली विचारणा बंद करणे, नंतर जोडणी परत करणे. डेटाबेसची जागा बदलल्यामुळे जुन्या जोडण्या मृत झाल्या होत्या. त्यामुळे पहिलीच ओळ अंमलात आणताना नवा अपवाद उत्पन्न झाला आणि जोडणी परत करण्याची दुसरी ओळ वगळली गेली. प्रत्येक विचारणेगणिक एक जोडणी अशी हरवत गेली. जोडण्या संपल्यावर पुढची प्रत्येक विचारणा जोडणीची वाट पाहत उभी राहिली. एका ओळीतील त्रुटीने विमान कंपनीचा कारभार अडून पडला.

दार उघडताना जसा अडथळा येऊ शकतो, तसाच तो मिटतानाही येऊ शकतो, हा या घटनेचा धडा आहे. म्हणून अनेक साधने घेतली असतील तर ती उलट क्रमाने, म्हणजे शेवटी घेतलेले सर्वांत आधी, परत करावीत. आणि एक परत करताना अडथळा आला तरी दुसरे परत करण्याचे राहू नये, अशी मांडणी करावी.

भाषांनी केलेली सोय

अपवादांची हाताळणी पद्धतशीरपणे कशी करावी, याची चर्चा १९७० च्या दशकात जोमाने सुरू झाली. जॉन गुडइनफ यांचा १९७५ साली प्रसिद्ध झालेला निबंध या विषयातील पायाभूत लेखनापैकी मानला जातो. १९८३ साली प्रमाणित झालेल्या एडा भाषेत अपवादांना रीतसर स्थान मिळाले. पुढे जावा भाषेत वर वर्णिलेली तीन भागांची रचना आली. तरीही ती योग्य रीतीने वापरणे जाणकारांनाही जमत नव्हते. जावाच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक असलेले जोशुआ ब्लॉक यांनी लिहून ठेवले आहे, की २००७ साली जावाच्या स्वतःच्या संग्रहातील साधन बंद करण्याच्या सूचनांपैकी दोन-तृतीयांश चुकीच्या होत्या. आपल्या एका पुस्तकातही हीच चूक झाली होती आणि ती बरीच वर्षे कोणाच्या लक्षात आली नाही, अशी कबुलीही त्यांनी दिली आहे.

माणसाने आठवण ठेवावी यापेक्षा रचनेनेच काम करून घ्यावे, हा विचार त्यामुळे बळावला. पायथन भाषेच्या २.५ या आवृत्तीत २००६ साली ‘विथ’ हा शब्द आला. त्याच्या साहाय्याने उघडलेली फाइल त्या परिच्छेदातून बाहेर पडताच आपोआप बंद होते, मग बाहेर पडणे यशाने असो वा अपवादाने. २०११ साली जावाच्या सातव्या आवृत्तीतही अशीच सोय झाली. मूळ कामात एक आणि बंद करताना दुसरा अपवाद आला, तर दुसऱ्याने पहिला झाकला जाऊ नये, याचीही काळजी तीत घेतलेली आहे. रोगाचे मूळ कारण शोधावयाचे तर पहिली तक्रार हरवता कामा नये, हे त्यामागील तत्त्व होय.

अपवादाची दखल कशी घ्यावी

साधन परत करणे ही शिस्तीची एक बाजू झाली. अपवादाची दखल कशी घ्यावी, ही दुसरी. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियान-५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. मुख्य यंत्र पेटल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी त्याच्या दिशादर्शक संगणकात अपवाद उद्भवला. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसविण्याचा प्रयत्न झाला होता आणि त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. अशा सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते. संगणकावरील भार मर्यादेत राहावा म्हणून तिघांना दिलेले नव्हते. अपवाद आला की तो संगणक बंद करावा, असा आदेश होता, कारण बिघाड यंत्राच्या भागातच होईल आणि राखीव संगणक काम चालवील, असे गृहीत धरले होते. परंतु राखीव संगणकातही तीच आज्ञावली होती आणि तो काही क्षण आधी त्याच कारणाने थांबला होता. अग्निबाण आपल्या चार उपग्रहांसह नष्ट झाला. ज्या गणनेत ही चूक झाली, तिचा उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. ती एरियान-४ च्या काळापासून तशीच चालत आली होती.

याच्या उलट टोकाची चूक अधिक सर्वसामान्य आहे. अपवाद आला की तो मुकाट्याने गिळून टाकावयाचा आणि काही घडलेच नाही असे दाखवावयाचे, असे अनेक आज्ञावल्यांत केलेले असते. नागरिकास ‘अर्ज स्वीकारला’ असा संदेश दिसतो, पण नोंद कोठेच झालेली नसते. थांबलेली यंत्रणा निदान दिसते. खोटे यश दाखविणारी यंत्रणा महिनोन्‌महिने कळत नाही. ज्या अपवादावर उपाय करता येतो त्यावर तो करावा. ज्यावर करता येत नाही तो वेळेसह नोंदवून वरच्या पातळीवर स्पष्टपणे कळवावा. वीज अचानक गेली तर ‘अखेरीस’चा भागही चालत नाही, हे ध्यानात घेऊन पैशांच्या व्यवहारांसाठी डेटाबेसमध्ये आणखी एक तजवीज असते : व्यवहार पूर्ण झाला नसेल, तर यंत्रणा पुन्हा सुरू होताना तो संपूर्ण रद्द होतो, अर्धवट राहत नाही.

कार्यालयांनी व शाळांनी काय पाहावे

आज्ञावली लिहिणे हे पंचायत सदस्याचे किंवा अधिकाऱ्याचे काम नव्हे. परंतु ती स्वीकारताना काही प्रश्न विचारणे हे निश्चितच त्यांचे काम आहे. पावती छापताना छपाईयंत्र बंद केले तर नोंदीचे काय होते? अर्ज भरताना मध्येच जोडणी तुटली तर पैसे जमा दिसतात की नाही? यंत्रणा सलग दोन-तीन आठवडे चालवून तपासली आहे काय? बिघाडाची नोंद कोठे होते व ती कोण वाचते? राखीव व्यवस्था प्रत्यक्ष चालवून पाहिली आहे काय? दररोज सकाळी यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय ती चालत नसेल, तर कोठेतरी साधन परत होत नसल्याचे ते लक्षण असू शकते, आणि त्याची लेखी तक्रार झाली पाहिजे.

शिक्षकांच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षणीय आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचा पहिला धडा अपवादांच्या हाताळणीचा व दुसरा फायलींच्या हाताळणीचा आहे. हे दोन धडे एकत्र शिकविल्यास त्यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल. आज्ञावली बरोबर चालली की प्रयोगवहीवर स्वाक्षरी करण्याचा प्रघात आहे. फाइल अस्तित्वात नसताना, चकतीवर जागा उरली नसताना, आकड्याच्या जागी अक्षरे आली असताना ती कशी वागते, हेही करून दाखवावयास सांगितले, तर ही शिस्त विद्यार्थिदशेतच अंगी बाणेल.

उत्तम कार्यालयाची परीक्षा नेहमीच्या दिवशी होत नाही. पूर, आजारपण, गर्दी अशा अडचणीच्या दिवशी होते. आज्ञावलीचेही तसेच आहे. सारे सुरळीत असताना काम करणारी आज्ञावली लिहिणे तुलनेने सोपे असते. काम बिघडले तरी घेतलेले परत करणारी आणि झालेली चूक प्रांजळपणे सांगणारी आज्ञावलीच नागरिकांच्या विश्वासास पात्र ठरते. अशा आज्ञावलीचा आग्रह धरणे, हा सार्वजनिक कारभार नीट चालविण्याचाच एक भाग आहे.