आधी सेटिंग, मग शॉपिंग!

महागडा हेडफोन घेतला, तरी गाणी पूर्वीसारखीच वाटतायत? कदाचित दोष हेडफोनचा नाहीच! ‘फूबार २०००’ या फुकटच्या प्लेअरबरोबर काढलेल्या एका रविवारची ही गोष्ट.

एका मोठ्या कामाचे पैसे खात्यात जमा झाले आणि मी डॅक घ्यायचं नक्की केलं. डॅक म्हणजे गाण्याच्या फाइलमधल्या आकड्यांचं हेडफोनला कळणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी. ती लॅपटॉपमध्ये असतेच, पण वेगळी घेतली की म्हणे आवाज एकदम सॉलिड होतो! हे बाबांना सांगितलं, तर ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, “घे की. पण आधी ते मालकंसाचं बघ. मध्येच तुटतं ते.”

ही तक्रार जुनी आहे. कॉलेजात असताना मी बाबांच्या शास्त्रीय संगीताच्या सीडींच्या एमपीथ्री करून दिल्या होत्या. बडा ख्याल एका ट्रॅकवर, द्रुत पुढच्या ट्रॅकवर. रेकॉर्डिंग सलग, पण ट्रॅक बदलताना अर्धा सेकंद तानपुरा गायब! मला ते कधी जाणवलंच नव्हतं. बाबांना मात्र दर वेळी खड्ड्यात पाय गेल्यासारखं व्हायचं.

तर शॉपिंग बाजूला ठेवून मी फूबार उतरवून घेतला. पीटर पावलोव्स्की हा याआधी विनॅम्पवर काम केलेला प्रोग्रामर. त्याने २००२ मध्ये तो पहिल्यांदा आणला. दिसायला अगदीच सरकारी फॉर्मसारखा! पण काही एमबींचा हा प्लेअर जे करतो, ते नीट करतो. (मॅकसाठीही फूबार आहे, पण पुढची सेटिंग्ज विंडोजची आहेत.)

मधला मध्यस्थ

सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. आपलं गाणं, चॅटची टिंगटिंग, ब्राउझरमधली जाहिरात हे सगळं विंडोज एकत्र मिसळतं आणि एकाच वेगात बसवतं. हा वेग बहुतेकदा ४८,००० असतो. म्हणजे गाणं वाटेतच नव्याने मोजलं जातं. खरं सांगायचं तर एवढ्याने होणारा फरक कानाला कळणं कठीणच. खरा गोंधळ घालतात ती लॅपटॉप कंपनीने आधीच चालू करून ठेवलेली ‘एन्हान्समेंट्स’! बास फुगवतात, बारीक आवाज मोठे करतात, हॉलचा खोटा भास आणतात. विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये जाऊन ती आधी बंद करा. माझ्या लॅपटॉपवर सर्वांत मोठा फरक या एका टिचकीने पडला.

मग फूबारमध्ये फाइल, प्रेफरन्सेस, प्लेबॅक, आउटपुट. इथे तुमच्या डिव्हाइसच्या नावापुढे ‘एक्सक्लूझिव्ह’ लिहिलेला पर्याय निवडा. आता विंडोजचा मिक्सर बाजूला झाला आणि साउंड कार्ड फक्त फूबारचं झालं. (फक्त फूबारचं म्हणजे खरंच फक्त त्याचं! दुपारी संपादकांचा व्हिडिओ कॉल आला, तो मला ऐकूच गेला नाही.) डीएसपीची यादी रिकामी ठेवा आणि प्लेअरचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवून हेडफोनचा किंवा स्पीकरचा कमी-जास्त करा.

दुसरं टेन्शन म्हणजे कमी-जास्त आवाज. जुनं भावगीत पुटपुटतं आणि पुढचं सिनेमाचं गाणं अंगावर येतं. त्यावर रिप्लेगेन. सगळी गाणी सिलेक्ट करून राइट क्लिक करा, रिप्लेगेन घ्या आणि अल्बमनुसार स्कॅन करा. प्लेअर प्रत्येक अल्बमची पट्टी मोजून फाइलच्या टॅगमध्ये लिहून ठेवतो. मूळ आवाजाला हात लावत नाही. प्रेफरन्सेसमध्येही ‘अल्बम’च निवडा. ‘ट्रॅक’ निवडलंत तर आलाप आणि तराणा एकाच पातळीवर येतील आणि गाण्याची चढण सपाट होईल.

तुटलेला तानपुरा

आता बाबांचा मालकंस. एमपीथ्री ही आवाजाचे ठरावीक तुकडे करते, प्रत्येकात ११५२ नमुने. गाणं काही त्या मापात बरोबर संपत नाही, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी शांतता भरली जाते. लेम नावाच्या एन्कोडरने फाइल केली असेल, तर किती शांतता भरली ते तो लिहून ठेवतो आणि फूबार तेवढी कापतो. माझ्या फाइल कुठल्याशा भलत्याच सॉफ्टवेअरने केल्या होत्या, त्याही १२८ केबीपीएसवर. नोंदच नाही, तर कापणार काय!

मग या फाइल फ्लॅकमध्ये बदलल्या तर? फ्लॅक म्हणजे काहीही न गाळता घडी घातलेला आवाज. सीडीच्या साधारण निम्म्या जागेत मावतो. पण झेरॉक्सची झेरॉक्स बाँड पेपरवर काढली म्हणून ती ओरिजिनल होत नाही. सीडीकडेच परत जायला हवं होतं.

डॅकच्या पैशांतली पहिली खरेदी झाली ती साध्या यूएसबी सीडी ड्राइव्हची! माळ्यावरच्या खोक्यातून चाळीस सीडी निघाल्या. फूबार स्वतःच सीडी वाचतो आणि आपली प्रत इतरांच्या प्रतींशी जुळते का, हे ॲक्युरेटरिपवर तपासून सांगतो. एक-एक करत सदतीस झाल्या. तीन वाचल्याच गेल्या नाहीत. उजेडात धरल्या तर चंदेरी थराला टाचणीएवढी भोकं पडलेली. त्यातल्या दोन बाबांनी काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मधून आणलेल्या. ते दुकान २०१६ मध्येच बंद झालं. तुमच्या घरी सीडी असतील, तर हेडफोनची खरेदी पुढच्या महिन्यावर ढकला, पण हे काम ढकलू नका.

कानांची परीक्षा

शेवटी मी स्वतःलाच परीक्षेला बसवलं. फूबारसाठी एबीएक्स नावाचा जोड-भाग मिळतो. दोन फाइल द्यायच्या. तो नावं लपवून ऐकवतो, आपण ओळखायचं. सोळापैकी बारा बरोबर आले, तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत असते. मी एकाच फ्लॅकच्या दोन एमपीथ्री केल्या, एक १२८ची, एक ३२०ची. १२८ची सोळापैकी चौदा वेळा पकडली, कारण टाळ्या पत्र्यावरच्या पावसासारख्या वाजत होत्या. आणि ३२०? सोळापैकी नऊ! म्हणजे शुद्ध छापा-काटा. फुशारकी संपली.

मोठमोठ्या आकड्यांच्या ‘हाय-रेझ’ फाइल विकत घ्यायच्या आधी हा खेळ जरूर खेळा. २००७ मध्ये मेयर आणि मोरॅन या दोघांनी हाय-रेझ डिस्क थेट आणि तीच सीडीच्या दर्जावर उतरवून अशी लोकांना ऐकवली होती. नेहमीच्या आवाजात ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही. मी फ्लॅक ठेवते ती कानांसाठी नाही. पुन्हा मूळ सीडी शोधायची वेळ येऊ नये म्हणून.

रात्री बाबांना बोलावलं. त्यांना हेडफोन आवडत नाही, म्हणून जुन्याच स्पीकरला वायर जोडली. बडा ख्याल संपत आला तसे ते नेहमीच्या सवयीने जरा सावरून बसले. तानपुरा तसाच चालू राहिला आणि द्रुत सुरू झालं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “त्या तीन सीडी कुठल्या गेल्या म्हणालीस? बघू, कोणाकडे असतील तर विचारतो.”

डॅकचे उरलेले पैसे अजून खात्यातच आहेत.