वेब आणि मोबाइल अ‍ॅप: काय शिकायचे आणि कोणत्या क्रमाने

वेबसाइट उघडते तेव्हा दोन संगणकांत देवघेव होते. पत्ता टाकला की ब्राउझर लांबच्या सर्व्हरकडे मागणी पाठवतो आणि सर्व्हर उत्तरादाखल मजकूर धाडतो. या देवघेवीच्या नियमांना एचटीटीपी म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. त्यानंतर कितीतरी भाषा आणि कंपन्या आल्या नि गेल्या, पण मागणी आणि उत्तर हा सांगाडा तसाच राहिला. फोनमधले बँकेचे किंवा रेल्वे तिकिटाचे अ‍ॅपही पडद्याआड हेच करते. क्लासच्या जाहिराती मात्र सुरुवातच एखाद्या फ्रेमवर्कच्या, म्हणजे कोडच्या तयार चौकटीच्या, नावाने करतात, कारण नोकरीच्या जाहिरातीतही तेच नाव असते. तीन महिन्यांत नाव तोंडपाठ होते आणि पहिली अडचण आली की मूळ व्यवहारच ठाऊक नसल्याने हात टेकावे लागतात.

ब्राउझरच्या बाजूला तीन भाषा लागतात. एचटीएमएल मजकुराची रचना सांगते: हे शीर्षक, हा तक्ता, हा फॉर्म. ती सोपी म्हणून घाईत उरकली जाते, आणि मग बटणाच्या जागी नुसता रंगीत चौकोन ठेवून त्यावर क्लिक बसवले जाते. डोळ्यांनी पाहणाऱ्याला फरक कळत नाही. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध व्यक्तीसाठी मात्र ते बटण अस्तित्वातच नसते. दुसरी भाषा सीएसएस, जिचा प्रस्ताव होकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये मांडला. रंग, अंतर, मांडणी हे तिचे काम. फोन, टॅबलेट आणि मोठा पडदा या सगळ्यांवर एकच पान नीट दिसावे, ही रीत ईथन मार्कॉट यांच्या २०१० च्या लेखापासून रुळली. फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या दोन पद्धती नीट आल्या की मांडणीची बहुतेक झटापट संपते.

तिसरी भाषा जावास्क्रिप्ट. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइख यांनी १९९५ मध्ये तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. त्या घाईतल्या काही विचित्र गोष्टी आजही भाषेत आहेत. त्या काढल्या तर जुनी पाने मोडतील, म्हणून कोणी हात लावत नाही. शिकणाऱ्याने २०१५ नंतरची सुधारित जावास्क्रिप्ट शिकावी, पण जुने कोड वाचण्याची तयारी ठेवावी.

सरावाला काय घ्यावे, यावर बरेच अवलंबून असते. कामांची यादी, कॅल्क्युलेटर आणि हवामानाचे अ‍ॅप हे नेहमीचे तीन सराव. ते पुरे होतात, पण त्यांत चूक झाली तर कोणी भांडायला येत नाही. त्यापेक्षा गावातल्या दूध संकलन केंद्राचा हिशेब घ्यावा. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासदाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) यांची नोंद, दरपत्रकावरून दर, दहा दिवसांनी दुधाचा पगार, त्यातून पशुखाद्याची उधारी आणि उचल यांची कपात. एवढ्याशा कामात वेब आणि मोबाइलचे जवळजवळ सगळे प्रश्न येऊन बसतात.

पहिला प्रश्न पैशांचा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येते. संगणक आकडे द्विमान पद्धतीत ठेवतो आणि त्या पद्धतीत एक दशांश हा अपूर्णांक पूर्ण लिहिताच येत नाही. आपल्याकडे एक भागिले तीन ०.३३३ असे कधी संपत नाही, तसेच. एका नोंदीत हा फरक दिसत नाही. शेकडो सभासदांच्या दहा दिवसांच्या बिलांत मात्र पैशापैशाचा मेळ बसेनासा होतो. उपाय जुना आहे: रक्कम पैशांत आणि दूध मिलिलिटरमध्ये, म्हणजे पूर्णांकांत साठवायचे आणि रुपये-लिटर फक्त पडद्यावर दाखवायचे. दर आणि दूध यांच्या गुणाकारात पैशाचा अंश उरला तर तो कुठे तोडायचा, याचा नियम आधी ठरवून घ्यायचा.

हिशेब टिकायचा असेल तर सर्व्हर आणि डेटाबेस आले. सर्व्हरच्या बाजूला निवड भरपूर आहे. रासमुस लेर्डोर्फ यांची १९९५ मध्ये जगापुढे आलेली पीएचपी अजून वर्डप्रेस चालवते. रायन डाल यांच्या नोड डॉट जेएसमुळे २००९ पासून जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही सहज वापरता येते. पायथनमध्ये जँगो आणि फ्लास्क आहेत. यांतले कोणतेही एक चालते. कोणते उत्तम, या वादात महिना घालवणे हा शिकण्याचा सर्वात महागडा प्रकार आहे.

डेटाबेसकडे मात्र जास्त वेळ द्यावा. एसक्यूएल ही भाषा १९७० च्या दशकातली, तरी अजून तिच्यावाचून चालत नाही. डेअरीसाठी सभासद, संकलन आणि दरपत्रक असे तीन तक्ते पुरेसे वाटतात. नवखा माणूस संकलनाच्या नोंदीत फक्त लिटर आणि फॅट ठेवतो आणि दर दरपत्रकातून उचलतो. मग १६ तारखेला दर बदलतो, आणि कोणी मागच्या महिन्याचे बिल पुन्हा काढले की जुन्या दुधालाही नवा दर लागतो. म्हणून नोंद करताना लागू असलेला दर नोंदीतच लिहून ठेवावा, किंवा दरपत्रकात ‘कधीपासून, कधीपर्यंत’ अशा तारखा ठेवाव्यात. तक्त्यांची अशी आखणी शिकवणीत कमी आणि भांडणात जास्त शिकायला मिळते.

सुरक्षिततेच्या काही गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळाव्या लागतात. वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा एसक्यूएलच्या वाक्यात जोडला, तर नावाच्या रकान्यात आज्ञा लिहून कोणीही तक्ता पुसू शकतो; म्हणून मजकूर आणि आज्ञा वेगळे ठेवणाऱ्या पॅरामीटरच्या पद्धतीनेच प्रश्न विचारावा. पासवर्ड साधे साठवू नयेत; बीक्रिप्ट किंवा आर्गॉन-२ या पद्धतींनी त्यांचा हॅश, म्हणजे मूळ पासवर्ड उलट काढता न येणारे रूप, ठेवावा. रकाना रिकामा आहे का, आकडा बरोबर आहे का, ही तपासणी ब्राउझरमध्ये केली तरी सर्व्हरवर पुन्हा करावी, कारण ब्राउझर वापरणाऱ्याच्या ताब्यात असतो. सभासदांचे बँक खाते क्रमांक ज्या यंत्रणेत आहेत तिथे ही हयगय परवडणारी नाही.

साधनांबद्दल थोडक्यात. कोड लिहायला व्हीएस कोड विनामूल्य आहे आणि पुरेसा आहे. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबल्यावर उघडणारी डेव्हलपर टूल्स हे सर्वात दुर्लक्षित साधन. त्यातल्या नेटवर्क या भागात प्रत्येक मागणी, तिचे उत्तर आणि लागलेला वेळ दिसतो, आणि चूक आपल्या बाजूची की सर्व्हरची हे मिनिटभरात कळते. तिसरे साधन गिट. लिनक्सच्या कोडसाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते लिहिले. कोडमधल्या बदलांचा इतिहास ते जपते, त्यामुळे ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘नवीन फायनल’ अशा फोल्डरांची गरज उरत नाही.

एवढे हाताखालून गेल्यावर फ्रेमवर्कचे प्रयोजन आपोआप कळते. एका सभासदाचे लिटर दुरुस्त केले की त्याच्या ओळीतली रक्कम, दिवसाची बेरीज आणि वरचा गोषवारा अशा तीन जागा बदलाव्या लागतात. साध्या जावास्क्रिप्टमध्ये त्यांपैकी एखादी विसरली जातेच. फेसबुकने २०१३ मध्ये खुले केलेले रिअ‍ॅक्ट हा प्रश्न उलटा सोडवते: माहिती एका जागी ठेवा, तिच्यावरून पडदा कसा दिसावा ते सांगा, बदल कुठे करायचे ते आम्ही पाहतो. व्ह्यू आणि अँग्युलर यांची घडण वेगळी असली तरी ती याच प्रश्नाची उत्तरे आहेत. प्रश्न स्वतः भोगलेल्या माणसाला यांपैकी कोणतेही काही आठवड्यांत जमते.

मोबाइलकडे वळताना आधी विचारावे की अ‍ॅप खरोखर लागते का. फोनच्या ब्राउझरमध्ये नीट चालणारी वेबसाइट अनेकदा पुरते. प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप या पद्धतीने तिचे चिन्ह होम स्क्रीनवर येते आणि ती काही प्रमाणात इंटरनेटशिवायही चालते. ब्लूटूथने वजनकाट्याशी किंवा प्रिंटरशी बोलायचे असेल, किंवा तासन्‌तास नेटवर्कविना काम करायचे असेल, तर अ‍ॅपचा पर्याय भक्कम.

अँड्रॉइडसाठी कॉटलिन ही भाषा आणि अँड्रॉइड स्टुडिओ हे साधन. गुगलने कॉटलिनला २०१७ मध्ये अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ पासून तिलाच अग्रक्रम दिला. आयफोनसाठी अ‍ॅपलची २०१४ ची स्विफ्ट भाषा आणि एक्सकोड. त्याला मॅक संगणक लागतो, म्हणजे खर्च आला. दोन्हीकडे एकच कोड चालवायचा तर गुगलचे फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आहे. वेब शिकलेल्याला दुसरे जवळचे, कारण भाषा तीच. अँड्रॉइड स्टुडिओ आणि संगणकातला नकली फोन, म्हणजे एम्युलेटर, एकत्र चालवायचे तर १६ जीबी रॅम बरी. ती नसेल तर स्वतःचा फोन केबलने जोडावा: सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरचे पर्याय उघडतात. स्वस्त, जुन्या फोनवर चाचणी करण्याचा फायदा असा की डेअरीतल्या माणसाच्या हातातही बहुधा तसाच फोन असतो.

फोनची स्वतःची शिस्त असते. पडदा आडवा केला की अँड्रॉइड तो स्क्रीन मोडून पुन्हा उभा करतो आणि भरलेला अर्धा फॉर्म रिकामा होऊ शकतो. मध्येच फोन आला आणि मेमरी कमी पडली, तर मागे गेलेले अ‍ॅप बंदही केले जाते. ही जीवनचक्राची कल्पना वेबवरून आलेल्यांना सर्वात जड जाते.

त्याहून कठीण गोष्ट नेटवर्क नसण्याची. पहाटे केंद्रावर रांग लागलेली असते आणि रेंज गेलेली असते. नोंद थांबवता येत नाही. म्हणून ती आधी फोनमधल्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये करायची आणि रेंज आल्यावर सर्व्हरकडे पाठवायची. इथे एक सापळा आहे. नोंद सर्व्हरला पोहोचली, पण पोच येण्याआधी रेंज गेली, तर अ‍ॅप तीच नोंद पुन्हा पाठवते आणि सभासदाच्या नावावर दुप्पट दूध लागते. यावर रीत अशी की प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक अद्वितीय क्रमांक द्यायचा. तो क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता फक्त पोच द्यायची. पैसे पाठवणाऱ्या मोठ्या यंत्रणाही याच तत्त्वावर चालतात.

मराठीतून अ‍ॅप करणाऱ्याला काही जादा गोष्टी शिकाव्या लागतात. इंग्रजी पाठ्यक्रमांत त्या क्वचितच असतात. ‘ज्ञानेश्वर’ या नावात वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात. जावास्क्रिप्ट त्याची लांबी दहा सांगते, कारण युनिकोडमध्ये हलन्त, काना आणि मात्रा यांची स्वतंत्र मोजणी होते. यूटीएफ-८ मध्ये हेच नाव तीस बाइट घेते. नावाच्या रकान्याला आठची मर्यादा घातली की ते अर्धवट तुटते. दुधाच्या पावतीचा एसएमएस इंग्रजीत १६० चिन्हांचा असतो, मराठीत फक्त ७० चा. मजकूर लांबला की दोन संदेशांचे पैसे पडतात. वापरणाऱ्याने ‘१२.५’ असे देवनागरी आकडे टाइप केले तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही. ते आधी बदलून घ्यावे लागतात. उलट दिशेला, भाषेचा संकेत मराठी-भारत असा दिला की तीच जावास्क्रिप्ट लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह देवनागरी आकडे छापून देते. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता आणि बलू विनामूल्य आहेत. ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवावे, नाहीतर वेलांट्या कापल्या जातात.

शिकण्याची साधने बहुतांशी फुकट आहेत. एमडीएन हा वेबचा सर्वात भरवशाचा संदर्भ. फ्रीकोडकॅम्पवर क्रमवार सराव मिळतो. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतूनही धडे ऐकता येतात. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून कोड लिहून मागणे सोपे झाले आहे. अशी साधने फॉर्म किंवा तक्ता क्षणात देतात. पण दर बदलल्यावर जुन्या बिलाचे काय, हे विचारल्याशिवाय बहुधा सांगत नाहीत. विचारायचे काय हे कळण्यापुरते शिक्षण त्यामुळे उलट अधिक लागते.

शेवटचा टप्पा प्रकाशनाचा. गुगल प्ले एकदाच २५ डॉलर घेते, अ‍ॅपल दरवर्षी ९९. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गुगल प्लेवर अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते; डेअरीचे सभासद तिथे उपयोगी पडतात. कोणती माहिती गोळा होते आणि कशासाठी, हे जाहीर करावे लागते. प्रकाशनानंतरही काम संपत नाही. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की ठरलेल्या मुदतीत अ‍ॅप तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. जे फार मागे राहते ते नव्या फोनवरच्या नव्या ग्राहकांना स्टोअरमध्ये दिसेनासे होते.