म्योगा : सावलीतले आले

आले म्हटले की आपण जमिनीतला गड्डा उकरतो आणि वरचा पाला टाकून देतो. जपानात म्योगा नावाचे आल्याच्याच कुळातले एक झाड आहे. त्याचा गड्डा मात्र कोणी खात नाही. खायची ती कळी. रानात मोठ्या झाडांखालच्या ओलसर सावलीत हे वाढते. उन्हाळ्यापासून शरदापर्यंत त्याच्या बुडाशी, मातीला लागूनच, अंगठ्याएवढ्या तांबूस कळ्या डोके वर काढतात. फूल उमलण्याआधीच त्या खुडाव्या लागतात. उमलले की कळी भुसभुशीत झालीच म्हणून समजा. वसंतात त्याचे कोवळे कोंबही अंधारात वाढवून खातात.

चव आल्याची खरी, पण तिखटपणा जवळजवळ नाही. वास मोठा ताजा. म्हणून त्याला फोडणी देत नाहीत, फार शिजवतही नाहीत. कळी उभी चिरायची, केसासारखी बारीक कापायची आणि क्षणभर पाण्यात टाकून निथळायची. मग गार तोफूवर, थंड पाण्यातल्या सोमेन शेवयांबरोबर किंवा मिसोच्या कढणावर आयत्या वेळी भुरभुरायची. गोडसर शिरक्यात मुरवली तर आम्लाने तिचा रंग गुलाबी खुलतो. आज बाजारातली बहुतेक कळी कोची प्रांतातून येते, तीही आच्छादित घरांत पिकवलेली. तोक्योत म्योगादानी, म्हणजे म्योगाची दरी, हे नाव आहे. तिथले मळे केव्हाच गेले.

या गरीब झाडावर एक आळ आहे. म्योगा जास्त खाल्ला की माणूस विसराळू होतो म्हणे! शास्त्राचा याला काडीचा आधार नाही. आळ आला तो बुद्धाच्या चूळपंथक नावाच्या शिष्यावरून. त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, तेव्हा सख्ख्या भावाने त्याला विहारातून जायला सांगितले. जपानी दंतकथा आणखी पुढे जाते : तो स्वतःचे नावही विसरे, म्हणून नावाची पाटी गळ्यात बांधून फिरे, आणि मेल्यावर त्याच्या समाधीवर हे झाड उगवले. पण मूळ कथा तिथे संपत नाही. बुद्धाने त्याच्या हाती स्वच्छ कापड दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. कापड मळले, आणि सर्व काही अनित्य आहे हे त्याला उमगले. तो अर्हत झाला. लोकांनी हे सोडले आणि विसरणे तेवढे ध्यानात ठेवले! मलाही शाळेत एका मास्तरांनी ‘मठ्ठ’ म्हटले होते. पुढे रात्री जागून कामगार कायद्याची कलमे मुखोद्गत केली, तरी आळीत ते नाव बरीच वर्षे टिकले.

जपानी कथेकरी या समजुतीवर एक विनोदी कथा सांगतात. एक खाणावळवाला आणि त्याची बायको श्रीमंत पाहुण्याला पोटभर म्योगा वाढतात, हेतू हा की त्याने पैशाची थैली विसरून जावे. सकाळी पाहुणा थैली घेऊन निघून जातो. मागाहून दोघांच्या ध्यानात येते की गडी मुक्कामाचे पैसे द्यायला विसरला!