लष्कराच्या भाकऱ्या आणि बेकारभत्ता

‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं’ हा वाक्प्रचार वडोदऱ्याच्या मराठी घरांत अजून जिवंत आहे. गणपतीच्या वर्गणीसाठी पायपीट करणारे काका, अख्ख्या गल्लीचे बँकेचे फॉर्म भरून देणारे शेजारी, कुणाच्याही लग्नात पंगतीवर देखरेख करणारी आत्या. घरचे कुरकुरतात, पण मनातून त्यांना कौतुकही असतं. या वाक्प्रचारातल्या ‘घरचं खाऊन’ या दोन शब्दांकडे मात्र आपण फारसं लक्ष देत नाही. भाकऱ्या भाजणारा जे खातो ते घरचं नसेल तर? नोकरी गेली आहे, सरकारी व्यवस्थेकडून भत्ता मिळतो आहे, अशा माणसाने मित्रांची फुकट कामं करावीत का?

हा प्रश्न मला जर्मनीत पडला. इथून बी.ई. करून मी म्युनिकला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करत होतो. कंपनीने आमचा विभागच बंद केला आणि पुढचे सात महिने मी तिथल्या बेकारभत्त्यावर होतो. आज आपल्यापैकी अनेकांची भावंडं, मुलं तिकडे नोकरी करतात. त्यांना उपयोग होईल म्हणून हे लिहितो आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. तिथला हा भत्ता म्हणजे दान नव्हे, विमा आहे. दर महिन्याच्या पगारातून २.६ टक्के हप्ता जातो. अर्धा आपला, अर्धा कंपनीचा. शेवटच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने हप्ता भरला असेल, तर निव्वळ पगाराच्या साधारण ६० टक्के रक्कम मिळते, मूल असेल तर ६७ टक्के. पन्नाशीच्या आतल्यांना जास्तीत जास्त १२ महिने. परदेशी नागरिकालाही हा हक्क असतो.

बदल्यात रोजगार कार्यालयाची अपेक्षा एकच: तुम्ही नोकरीसाठी उपलब्ध असलं पाहिजे. पत्र आलं तर उत्तर द्यायचं, मुलाखत आली तर जायचं. आईला भेटायला वडोदऱ्याला यायचं तरी आधी परवानगी घ्यावी लागते, आणि भत्ता चालू ठेवून वर्षाला साधारण तीन आठवडेच बाहेर राहता येतं.

आता मित्रांची कामं. नोकरी गेल्याची बातमी पसरली आणि पंधरा दिवसांत माझा फोन पूर्वीपेक्षा जास्त वाजू लागला. प्रत्येकाची सुरुवात ठरलेली: “तू सध्या घरीच आहेस ना?” एकाचं घर बदलायचं होतं. एकीला मुलाला दोन तास सांभाळायला कुणी हवं होतं. तिथल्या मराठी मंडळींना शनिवारच्या मुलांच्या वर्गासाठी शिक्षक हवा होता. आणि एक जुना मित्र स्वतःची छोटी कंपनी काढत होता. त्याला ॲप लिहून हवं होतं. “आत्ता पैसे नाहीत रे, पण गुंतवणूक आली की पहिला पगार तुझा.”

वरवर पाहता चारही कामं सारखीच: मैत्रीखातर, बिनपैशांची. कायद्याच्या नजरेत मात्र ती सारखी नाहीत.

सामान उचलणं, मूल सांभाळणं हा शेजारधर्म. बेकायदा कामाविरुद्धच्या जर्मन कायद्यातही नातेवाईक, शेजारी आणि मित्रांनी अधूनमधून केलेल्या मदतीला सूट आहे. कमाई करत राहणं हा तिचा हेतू नसावा, एवढंच. शनिवारचा वर्ग ही स्वयंसेवा. नोकरी शोधण्याच्या आड येत नसेल तर तीही चालते. आठवड्याला १५ तास किंवा त्याहून जास्त होणार असेल तर ती कार्यालयाला कळवावी लागते. माझा वर्ग दोन तासांचा होता, तरी मी कळवलं. समोरच्या बाईंनी नोंद केली आणि मुलं किती आहेत ते विचारलं.

ॲपचं काम मात्र वेगळं. ते मी केलं नसतं तर मित्राला कुणाला तरी पगार देऊन ठेवावं लागलं असतं. त्यातून त्याचा धंदा उभा राहणार होता. आज पैसे दिले नाहीत म्हणून ती मदत होत नाही; ती उधारीवरची नोकरी होते. छोटी नोकरी करायलाही मनाई नाही. आठवड्याला १५ तासांच्या आत असेल, आधी कळवली असेल, तर महिन्याला १६५ युरोपर्यंतची निव्वळ कमाई भत्त्याला धक्का लावत नाही. त्यावरची रक्कम भत्त्यातून वजा होते. पण १५ तास गाठले की तुम्ही बेकार राहतच नाही आणि भत्ता थांबतो, मग काम नोकरीचं असो वा स्वतःच्या धंद्याचं. शिवाय आपल्यासारख्यांचा प्रश्न व्हिसाशीही जोडलेला असतो.

मी मित्राला म्हटलं, “आठवड्याला दहा तासांचा करार कर, थोडे का होईना पैसे दे, मी कार्यालयाला कळवतो.” त्याला ते परकेपणाचं वाटलं. “दोस्तीत कसले कागद?” काही महिने आमचं बोलणं कमी झालं. याची रुखरुख होती, अजूनही आहे. पण त्याच्या कंपनीचा खर्च त्याने उचलायचा की देशभरातल्या हप्ता भरणाऱ्यांनी, हा प्रश्न दोस्तीने सुटत नाही. मी फुकट काम केलं असतं तर त्याचा पगार मला त्या हप्त्यांतून मिळाला असता.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. भीतीपोटी सगळ्यालाच नाही म्हणणं हा उपाय नव्हे. नोकरी गेली की सकाळी उठून कुठे जायचं हेच कळत नाही. त्या महिन्यांत शनिवारच्या वर्गातली ‘ळ’ उच्चारायला धडपडणारी मुलं माझी वाट पाहत असत, आणि आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत एवढं वाटायला ते पुरेसं होतं. बेकार माणसाला मदत करू देणं हीसुद्धा त्याला मदतच असते.

आपल्याकडे कर्मचारी राज्य विम्याची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. तिच्यात सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. पण हा विमा दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी. म्हणून आपल्यातल्या बहुतेकांचा अशा नियमांशी संबंध परदेशातच येतो, आणि इथल्या सवयी आपण तिथे घेऊन जातो.

तेव्हा तिकडे कुणाची नोकरी गेली असेल, तर त्याला एवढं जरूर सांगा: नियमित होणारं कोणतंही काम, पैसे मिळोत वा न मिळोत, सुरू करण्याआधी कार्यालयाला विचार. आणि त्याच्याकडे काम घेऊन जाणारे आपणच असू, तर जाण्याआधी एक हिशेब करू या. हा माणूस नसता तर या कामाला मी पैसे मोजले असते का? उत्तर ‘हो’ असेल, तर पैसे मोजायचे. ‘नाही’ असेल, तर खुशाल बोलवा, आणि काम झाल्यावर जेवू घालून पाठवा.