धातूचा थकवा

पक्कड हाताशी नसली की तार कशी तोडायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आठ-दहा वेळा मागे-पुढे वाकवली की ती आपसूक तुटते. चार माणसांनी ओढूनही जी तुटणार नाही, ती तार शाळकरी पोर अशा रीतीनं तोडून दाखवतं. धातूच्या या गुणाला, खरं म्हणजे अवगुणाला, इंग्रजीत ‘फटीग’ म्हणतात. मराठीत थकवा. शब्द थोडा फसवा आहे, कारण माणसाचा थकवा रात्रभर झोपलं की जातो. धातूच्या बाबतीत जे सोसलं ते त्याच्या खाती जमा होत राहतं.

विमानात वापरले जाणारे धातू असे का थकतात आणि कसे तुटतात, हा माझ्या विद्यापीठातल्या संशोधनाचा विषय. विमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वादळं येतात. पण धातूचं नुकसान मुख्यतः नेहमीच्या, निमूट उड्डाणांत होतं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा विरळ असते, म्हणून आत हवेचा दाब राखावा लागतो. त्या दाबानं विमानाचं अंग फुग्यासारखं किंचित फुगतं आणि खाली उतरलं की पूर्ववत होतं. तारेसारखं ते वाकत नाही. हा ताण धातूला सहज पेलण्यासारखा असतो, एकदा आला तर. तो हजारो वेळा येतो. म्हणून विमानाचं वय वर्षांत मोजून भागत नाही, उड्डाणंही मोजावी लागतात. मुंबई-लंडन करणाऱ्या विमानापेक्षा मुंबई-गोवा खेपा घालणारं विमान या हिशेबानं लवकर म्हातारं होतं.

हे जगाला कळलं ते फार मोठी किंमत देऊन. ‘कॉमेट’ हे पहिलं प्रवासी जेट विमान १९५२ मध्ये सेवेत आलं. १० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट एल्बा बेटाजवळ आणि ८ एप्रिलला दुसरं नेपल्सजवळ समुद्रात कोसळलं. दोन्ही रोमहून निघालेली, दोन्ही आकाशातच फुटलेली. इंग्लंडमध्ये फार्नबरो इथं शास्त्रज्ञांनी तिसरं एक कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवलं आणि आत पाण्याचाच दाब पुनःपुन्हा दिला. पाणी अशासाठी, की अंग फाटलं तरी हवेसारखा स्फोट होत नाही आणि पुरावा शाबूत राहतो. आधीची खरी उड्डाणं धरून ३,०५७ व्या आवर्तनाला ते फाटलं. कॉमेटच्या खिडक्या चौकोनी होत्या म्हणून ती पडली, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. कोपरे गोलसर होते, आणि एल्बाजवळच्या विमानात तडा सुरू झाला तो प्रवाशांच्या खिडकीशी नव्हे, तर छतावर अँटेनासाठी कापलेल्या जागेपाशी. पत्रा कापला, रिव्हेटसाठी भोक पाडलं, की तिथं ताण एकवटतो. तो किती एकवटतो, याचा अंदाज चुकला होता.

मग तडा वाढतो तरी किती वेगानं? पॉल पॅरिस या अमेरिकन अभियंत्यानं याचं एक सोपं गणित मांडलं. तीन नामवंत नियतकालिकांनी ते परत पाठवलं, अखेर १९६१ मध्ये एका विद्यापीठाच्या छोट्या पत्रिकेत ते छापलं गेलं. आज जगभर आम्ही तेच वापरतो. विमानाच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये तड्याच्या टोकाशी होणारा ताणाचा चढउतार दुप्पट झाला, तर तडा साधारण आठपट वेगानं वाढतो. आणि तडा लांबला की टोकाचा ताण आपोआप वाढतो. सावकाराच्या व्याजासारखं हे आहे. बराच काळ काही जाणवत नाही, मग अचानक घर जातं.

यामुळे विमान बांधणाऱ्यांची विचार करण्याची रीतच बदलली. तडा नाहीच असं न मानता, तो आहेच असं धरून चालायचं. तो दिसण्याजोगा झाल्यापासून धोक्याचा होईपर्यंत जो अवधी मिळतो, त्यात किमान दोन तपासण्या बसवायच्या. ही साखळी तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून असते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या छताचा काही मीटर लांबीचा भाग हवेत उडून गेला, एक हवाईसुंदरी बाहेर फेकली गेली. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती, तीही बेटाबेटांमधली, खाऱ्या हवेतली. रिव्हेटच्या रांगेतले छोटे छोटे तडे एकमेकांना जोडले गेले होते. एका प्रवासी बाईला चढताना दरवाज्याजवळ तडा दिसला होता. ती कुणाला बोलली नाही.

आमच्या प्रयोगशाळेतलं काम मात्र नीरस म्हणावं असं. तळहातावर मावेल एवढा नमुना यंत्रात धरायचा आणि सेकंदाला दहा वेळा ताणायचा. एक कोटी आवर्तनं व्हायला साडेअकरा दिवस लागतात, रात्रंदिवस. मधेच वीज गेली की विद्यार्थ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

खरी कसोटी पुढे असते. माझ्या एका विद्यार्थिनीनं एकाच पट्टीतून कापलेले आठ नमुने तपासले. सातांची आयुष्यं साधारण जवळपास आली, आठवा मात्र त्यांच्या पाचव्या हिश्श्यातच तुटला. आलेख बिघडला. प्रबंध जवळ आलेला, शिष्यवृत्ती संपत आलेली. नमुना यंत्रात तिरका बसला असेल, तो वगळू या, असं ती म्हणाली. आम्ही पकड तपासली, ती सरळ होती. मग तुटलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तिथं तडा प्रत्येक आवर्तनाला पुढे सरकल्याच्या बारीक रेघा दिसतात, झाडाच्या वर्तुळांसारख्या. त्या उलट वाचत गेलो तर उगमाशी लोहयुक्त, ठिसूळ असा एक कण सापडला, केसाच्या जाडीपेक्षाही लहान. मिश्रधातूत असे कण असतातच. बाकीच्या सातांत तो नेमका पृष्ठभागाशी आला नव्हता, एवढंच. सरासरी आयुष्याला व्यवहारात फारसा अर्थ नसतो. विमान पडतं ते त्या आठव्या नमुन्यासारख्या भागामुळे. तिनं तो ठेवला, आणखी नमुने तपासले आणि प्रबंध जवळजवळ वर्षभर लांबला. घरी काय ऐकून घ्यावं लागलं, ते तिनं सांगितलं नाही.

आता धातूची पूड लेझरनं थरावर थर वितळवून भाग घडवतात. त्यात कण नव्हे, तर थरांमध्ये अडकलेली सूक्ष्म पोकळी तड्याला जन्म देते. अशा टायटेनियमचे नमुने सध्या आमच्या यंत्रावर आहेत. त्यातल्या दोघांची आयुष्यं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत आणि दोघांचेही तुटके पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाची वाट पाहत डब्यात ठेवलेले आहेत.