चीनमध्ये ख्रिस्ती धर्म कधी पोहोचला?

मी इतिहासावर मराठीत छोटे व्हिडिओ करतो. परवा एका मित्राने विचारलं, "चीनमध्ये ख्रिस्ती धर्म इंग्रजांनीच नेला ना?"

नाही! इंग्रजांच्या हजारेक वर्षं आधीच तो तिथे पोहोचला होता.

पुरावा शिआन शहरातल्या संग्रहालयात उभा आहे. इ.स. ७८१ चा हा शिलालेख चिनी भाषेत आहे, काही मजकूर सिरियाकमध्येही आहे. आलोपेन नावाचा धर्मगुरू ६३५ मध्ये तांग राजधानी चांगआनला आला आणि सम्राट ताइझोंगने त्याचं स्वागत केलं, असं त्यात कोरलंय.

८४५ मध्ये सम्राट वूझोंगने बौद्ध मठ बंद केले, त्याचा फटका तिथल्या ख्रिस्ती धर्मालाही बसला. शिलालेख पुन्हा सापडला तो थेट सतराव्या शतकात.

पुढचा एक दुवा आपल्या गोव्याचा. जेझुइट धर्मप्रचारक मातेओ रिची १५७८ मध्ये गोव्यात उतरला आणि १५८२ मध्ये मकावला पोहोचला. पुढे चिनी विद्वान शू ग्वांगचीसोबत त्याने युक्लिडची भूमिती चिनी भाषेत आणली. ती १६०७ मध्ये छापली गेली.

हे सगळं अभ्यासकांच्या ग्रंथांत आहे, पण व्हिडिओत शिलालेख, नकाशे डोळ्यांसमोर दाखवता येतात. म्हणूनच मला हे माध्यम मोलाचं वाटतं.

पुढचा व्हिडिओ रिचीवर करतोय. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा!